परस, पुढचं अंगण आणि चौथ्या मजल्यावरचं ग्रिल

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या घरी ग्रिलमध्ये कढीपत्त्याची एक कुंडी आहे. जुलैत तिच्या कोवळ्या पानावर पाखराने शिटल्यासारखा काळा-पांढरा डाग दिसला. पुसायला फडकं नेलं तर डाग सरकला. आठवड्याभरात त्याची करंगळीएवढी जाडजूड, हिरवीगार अळी झाली. काडीने डिवचलं की मानेतून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढायची आणि उग्र वास सोडायची. मी औषध आणायला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. आमच्या परसात लिंबावर असायच्या ह्या. झाड नाही मरत तेवढ्याने."

ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी होती. कढीपत्ता, लिंबू, पपनस, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडं, आणि ह्या फुलपाखराच्या मादीला अंडी घालायला तीच लागतात. निसर्गाला भागीदार करून बाग लावायची, म्हणजे पाखरांचंही भागेल आणि आपलंही, ही कल्पना हल्ली कार्यशाळांमधून शिकवली जाते. सासूबाईंनी ती 'परस' ह्या एका शब्दात आटपली. परस म्हणजे घराची मागची बाजू. आपल्याकडे बाग आधी घराच्या मागे होती, नंतर ती पुढे आली आणि मग वर गेली. ती जागा बदलत गेली तसं तिच्यात कोणाला थारा द्यायचा हेही बदललं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली, तेव्हा हे तळ्यांचं आणि वाड्यांचं गाव होतं. नगरपालिका आली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ मध्ये. वाड्यामागच्या परसाला कोणी बाग म्हणून मिरवत नसे. ती घराची मोरी, कोठार आणि औषधाचं कपाट होती. न्हाणीचं पाणी पाटाने केळीला आणि अळूला जायचं, चुलीतली राख भाजीवर पडायची, पालापाचोळा आणि शेण उकिरड्यात कुजून पुन्हा आळ्यात यायचं. विहिरीशी लिंबू, कुंपणाला शेवगा आणि अडुळसा, कोपऱ्यात गवती चहा. पाखरांसाठी म्हणून ह्यातलं काहीच लावलेलं नव्हतं. पण अळूच्या ओल्या दलदलीत बेडूक राहायचे, शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडा शिवून त्यात घरटं करायचा, आणि शेवग्याच्या फुलांवर शिंजिराची चोच दिवसभर चालायची.

पत्रीचं मला तर सगळ्यात कौतुक वाटतं. गणपतीला रुई हवी, कण्हेर हवी, बेल हवा, बोर हवी. भाद्रपदात एक दिवस लागणारी ही झाडं वर्षभर कुठेतरी उभी असावी लागत. रुईवर प्लेन टायगरच्या अळ्या वाढतात, कण्हेरीवर कॉमन क्रोच्या, बेलावर लाइम बटरफ्लायच्या, बोरीवर कॉमन पिअरोच्या. कोणी आखून केलेली ही योजना नव्हे, पण यादी शेजारी शेजारी ठेवून पाहिली की देवघर आणि फुलपाखरू एकाच रोपवाटिकेचे गिऱ्हाईक वाटतात. आता पत्री जांभळी नाक्यावर जुडीने मिळते, म्हणून घरी झाड लागत नाही. नाक्याच्या नावातलं जांभूळ तरी कुठे कोणाला दाखवता येतं.

बाग पुढे आली ती बंगल्यांबरोबर. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. रेखीव रस्ते, वाफे, पाहायला आणि फिरायला अशी बाग हा त्या काळचा साहेबी नमुना होता, आणि तोच पुढे सगळ्या नगरपालिकांच्या उद्यानांनी उचलला. मादागास्करचा गुलमोहर, अमेरिका खंडातला पर्जन्यवृक्ष आपले होऊन बसले. घाणेरीही शोभेचं झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात आली आणि कुंपण ओलांडून डोंगरात गेली. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या डोंगरवाटांवर आज ती जिथे-तिथे भेटते. तिच्यावर फुलपाखरांची झुंबड असते, त्यामुळे बघणाऱ्याची फसगत होते. मध ती बहुतेक कुठल्याही फुलातला पितात. अंडी घालताना मात्र पान नेमकं तेच लागतं, आणि घाणेरीचं पान ह्या पाहुण्यांपैकी जवळजवळ कोणालाच चालत नाही. खानावळ आहे, बाळंतपणाची सोय नाही.

पुढच्या अंगणात सर्वात महत्त्वाची ठरली ती हिरवळ. एकाच जातीचं गवत, ठरलेल्या दिवशी कापलेलं, आणि त्यात उगवेल ते तण. पावसाळ्यात येऊरच्या पाड्यांवरच्या बाया स्टेशनजवळ टाकळ्याची भाजी विकायला बसतात, आणि तोच टाकळा सोसायटीचा माळी मुळासकट उपटून फेकतो. टाकळ्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या पोसतात, ही त्यातली तिसरी बाजू. गंमत म्हणजे हिरवळीच्या माहेरीच तिच्याविरुद्ध कुरबुर आधी सुरू झाली. मूळच्या आयर्लंडच्या विल्यम रॉबिन्सन ह्या बागतज्ज्ञाने १८७० मध्ये रानटी वळणाच्या बागेवर पुस्तक लिहिलं. पुढे १९८५ मध्ये लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात क्रिस बेन्स ह्यांनी खास वन्यजीवांसाठीची बाग मांडली. आपल्याकडे तोवर हिरवळ हीच प्रतिष्ठा होती, आणि बिल्डरच्या रंगीत पत्रकात ती अजूनही आहे.

खाडीपलीकडची गोष्ट वेगळी, कारण तिथे परस मागे ठेवून शहर उभं राहिलं नाही, परसांवरच उभं राहिलं. १७ मार्च १९७० ला नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. भातशेती, मिठागरं, खाजण. भरतीच्या रेषेखालची बरीच जमीन भराव टाकून वर आणली. मुरूम आणि खारी माती, त्यात पटकन वाढेल, गुरं तोंड लावणार नाहीत अशी झाडं लावण्याकडे ओढा राहिला. पुराचं पाणी अडवायला डच धर्तीवर धारण तलाव केले. भरतीला दारं बंद, ओहोटीला उघडी, एवढाच त्यांचा हिशेब. पण गाळ साचला, तिवरं उगवली आणि पाणपक्षी येऊन बसले. अभियंत्यांनी गटार बांधलं आणि पाखरांनी त्याला तळं समजलं! ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये खाडी रामसर ह्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. कोपरखैरण्यात जुन्या कचराभूमीवर निसर्ग उद्यान झालं आणि तिथे मियावाकी पद्धतीचं दाट रानही लावलं गेलं.

मियावाकीबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. अकिरा मियावाकी ह्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाचा आग्रह होता तो त्या-त्या जागेच्या मूळ झाडांचा. आपण त्यातला दाटपणा तेवढा उचलला, कारण तो फोटोत लगेच दिसतो. फुलपाखराला ऊन लागतं, मोकळी कड लागते, ओली माती लागते. हाताएवढ्या अंतरावर रोपं खोचली की ह्यातलं काहीच उरत नाही.

कायद्याचाही असाच एक आंधळा कोपरा आहे. राज्याचा शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा. त्याने वृक्ष प्राधिकरण आणलं, वृक्षगणना आणली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं. चांगलंच झालं. पण तो झाडं मोजतो. रुईचं झुडूप, ईश्वरीची वेल, आंब्यावरचं बांडगूळ त्याच्या वहीत नाही. बांडगूळ तर आपण शिवी म्हणून वापरतो. हळदीकुंकू नावाचं देखणं फुलपाखरू त्या बांडगुळावरच वाढतं, आणि फुलटोच्या त्याची फळं खाऊन बी फांद्यांना चिकटवत फिरतो.

घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे. जेमतेम दोन एकर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथे फुलांपेक्षा पानांचा विचार आधी झाला, कोणत्या अळीला काय लागतं ते पाहून झाडं लावली गेली, आणि शंभराहून जास्त जातींची फुलपाखरं नोंदली गेली. पिंजरा नाही, जाळी नाही. येतात, जातात. डोंगर शेजारी असल्याचा फायदा मोठा आहे हे खरं, पण आसपासच्या टॉवरांनाही तोच डोंगर शेजारी आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं आणि मराठीत नीलवंत हे नाव रुळलं, त्यानंतर शाळांच्या सहलीही अशा वाड्यांकडे वळल्या. शेजारी म्हणून वन्यजीव हवेत असं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा नीलवंतच असतो. २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलच्या आवारात बिबट्या शिरला, तेव्हा ही व्याख्या तासाभरात आक्रसली.

बाग वर गेली त्याला मात्र मराठी वंशावळ आहे. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर ह्यांनी प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला आणि सांगितलं की माती विकत आणायची गोष्ट नाही, करायची आहे. त्यातूनच गच्चीवरच्या शेतीची वाट निघाली. रसवंतीवाल्याकडचं चिपाड, झाडून काढलेला पाला आणि स्वयंपाकघरातलं ओलं, एवढ्यावर पिंप भरायचं. वजन कमी, त्यामुळे स्लॅबची काळजी कमी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या संकुलांना ओला कचरा आपल्या आवारात जिरवायला लावलं आणि उकिरडा 'कंपोस्ट पिट' होऊन लिफ्टने परत आला.

अडचणी आहेतच. पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवलं की डासांवरून नोटीस येते, आणि ती चुकीची नसते. भांडं रोज उपडं करून घासायला हवं. आमच्याकडे सोसायटीने बोलावलेल्या फवारणीवाल्याने जिन्याबरोबर उघडं ग्रिलही मारलं. दुसऱ्या दिवशी ती अळी कुंडीतल्या मातीवर लोळागोळा होऊन पडली होती. आता फवारणीची तारीख आली की आम्ही कढीपत्ता आदल्या रात्री न्हाणीघरात नेतो.

ह्या वर्षी समितीच्या बैठकीत मी मागितलं ते एवढंच, की आवाराचा एक पट्टा पावसाळाभर कापू नये, पाला तिथेच पडू द्यावा, रुई आणि टाकळा उगवला तर उपटू नये. साप येतील, डास होतील, ब्लॉकचा भाव पडेल, सगळं निघालं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "पुढे लॉनकडे नको. तिकडे पंपाच्या खोलीमागे करा काय ते, गेटातून दिसत नाही."