घरांची विक्री आणि घरांची बांधणी

घोडबंदर मार्गावर घरे भराभर विकली जात आहेत, म्हणजे अर्थव्यवस्थेचे बरे चालले आहे, असा निष्कर्ष ठाण्यात सहज काढला जातो आणि दस्त नोंदणीचे मासिक आकडे आले की त्याला बळच मिळते. पण घरांची विक्री आणि घरांची बांधणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नौपाड्यातील चाळीस वर्षांची जुनी सदनिका दीड कोटी रुपयांना विकली गेली, असे समजू. घेणाऱ्याच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा व्यवहार असेल. तरीही सकल देशांतर्गत उत्पादनात (जीडीपी), म्हणजे देशात त्या वर्षी नव्याने तयार झालेल्या वस्तू व सेवांच्या मूल्यात, त्या दीड कोटींतील फारसे काही येत नाही, कारण ते घर बांधले गेले तेव्हाच मोजून झालेले असते आणि आता केवळ मालक बदललेला असतो. नव्याने मोजली जाते ती दलाली आणि वकिलाच्या शुल्कासारखा व्यवहाराचा खर्च. भाव दुप्पट झाले तर दलाली फुगेल, एवढेच.

कासारवडवलीत उभ्या राहणाऱ्या इमारतीचे तसे नाही. तेथे सिमेंट, सळई, सेंट्रिंगवाले, गवंडी, प्लंबर, लिफ्ट बसवणारे असा सगळा पसारा कामाला लागतो आणि एकेक स्लॅब पडत जाईल तसतशी उत्पादनात भर पडते. सदनिकेचा करार एका दिवसात नोंदवला गेला, तरी ही भर काही वर्षांत विभागली जाते. शिवाय तिच्यात जमिनीची किंमत धरत नाहीत, आणि ठाण्यात सदनिकेच्या भावातील जमिनीचा वाटा मुळीच किरकोळ नाही.

वस्तू व सेवा करातही हा भेद दिसतो. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के, तर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घरावर १ टक्का कर आहे. जुन्या घराच्या विक्रीवर मात्र तो नाही.

दोन्ही गोष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, हे २०२०-२१ मध्ये दिसले. राज्याने मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात ३ टक्क्यांनी, तर पुढील मार्चअखेरपर्यंत २ टक्क्यांनी कमी केले आणि सवलत संपण्याआधी दस्त उरकण्यासाठी निबंधक कार्यालयांत झुंबड उडाली. त्याच आर्थिक वर्षात देशाची अर्थव्यवस्था मात्र आकुंचन पावली होती.

पण म्हणून विक्रीचे आकडे काही निरर्थक ठरत नाहीत. नवी घरे विकली गेली नाहीत तर विकासक पुढचा टॉवर हाती घेत नाही, आणि नौपाड्यातील घर विकून आलेला पैसा पुष्कळदा घोडबंदरच्या नव्या घरातच जातो. उलट पुनर्विकासात जुन्या सभासदाला मिळणारी सदनिका विक्रीच्या हिशेबात येत नाही, पण तिची बांधणी उत्पादनात पुरेपूर धरली जाते.