गो वेब सर्व्हर: जुनं न मोडण्याच्या वचनाची किंमत

गो या प्रोग्रामिंग भाषेत पहिला वेब सर्व्हर लिहिताना सगळं फारच सोपं वाटतं. ‘लिसनअँडसर्व्ह’ या फंक्शनला पोर्ट द्यायचा, राउटरच्या (कोणती रिक्वेस्ट कोणत्या कोडकडे जाईल ते ठरवणाऱ्याच्या) जागी ‘निल’ म्हणजे ‘काहीच नाही’ टाकायचं, झालं. अपाची नको, टॉमकॅट नको, कुठलाच वेगळा सर्व्हर नको. 10 नोव्हेंबर 2009 रोजी गुगलने ही भाषा खुली केली तेव्हापासून एचटीटीपीचं पॅकेज तिच्यासोबतच मिळणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे. ते शिकण्यापुरतंही नव्हतं: ‘मेमकॅश्ड’ हे कॅशिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकने गुगलची डाउनलोड सेवा सी++मधून गोमध्ये आणली ती याच पॅकेजच्या जोरावर.

मार्च 2012 मध्ये गो 1 आलं, आणि सोबत एक वचन: आज चालणारा कोड पुढच्या आवृत्त्यांतही चालेल. भाषा रुजली त्यात या वचनाचा वाटा मोठा, पण त्यापायी तेव्हाचे डीफॉल्टही आपल्या गळ्यात पडले. सर्व्हरचे टाइमआउट शून्य. आणि इथे शून्य म्हणजे ‘लगेच तोड’ नव्हे, ‘कितीही थांब’. एखादा क्लायंट हेडरचा (रिक्वेस्टच्या सुरुवातीच्या माहितीचा) एकेक बाइट सावकाश पाठवत बसला तरी सर्व्हर कनेक्शन धरून राहतो. अशी पुरेशी कनेक्शनं साचली की लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही एरर (प्रत्येक कनेक्शन उघडी फाइल म्हणून मोजलं जातं). हेडरपुरता वेगळा टाइमआउट, आणि हातातल्या रिक्वेस्ट पुऱ्या करून सर्व्हर बंद करणारं ‘शटडाउन’, यांसाठी गो 1.8 म्हणजे फेब्रुवारी 2017 उजाडावा लागला. तोवर दर डिप्लॉयला (नवा कोड चढवताना) अर्ध्यात तुटलेल्या रिक्वेस्ट सोसा, नाहीतर बाहेरची लायब्ररी लावा.

त्या ‘निल’चीही एक मेख आहे. त्याने सामायिक राउटर वापरला जातो, आणि प्रोफाइलिंगचं, म्हणजे प्रोग्रामचा वेळ आणि मेमरी कुठे जाते ते दाखवणारं ‘पीप्रॉफ’ पॅकेज नुसतं इम्पोर्ट केलं तरी आपले पत्ते त्यावर नोंदवून मोकळं होतं. मग पोर्ट बाहेर उघडा असेल तर डीबगची पानंही बाहेरच्यांना उघडी.

शिवाय हा राउटर रिक्वेस्ट ‘गेट’ (माहिती मागणारी) आहे की ‘पोस्ट’ (माहिती पाठवणारी) हे बघतच नसे. हँडलरमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) ‘इफ’ लावून आपणच बघायचं. म्हणून गोरिला, एचटीटीपीराउटर, जिन या बाहेरच्या लायब्रऱ्यांचं फावलं. पैकी गोरिला सांभाळायला माणसं मिळेनात म्हणून डिसेंबर 2022 मध्ये आर्काइव्ह झालं, म्हणजे त्यावरचं काम थांबलं (पुढच्या वर्षी नव्या मंडळींनी ते परत उघडलं). फेब्रुवारी 2024 च्या 1.22 मध्ये मेथड (गेट की पोस्ट) आणि पाथमधला, म्हणजे पत्त्यातला आयडी स्टँडर्ड राउटरलाच कळू लागला. तिथेही वचन आडवं आलंच. प्रोजेक्टच्या ‘गो.मॉड’ फाइलमध्ये गोची आवृत्ती 1.21 लिहिलेलं राहिलं असेल, तर कंपायलर नवा असूनही राउटर जुन्याच वळणाने चालतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसता 404, ‘पान सापडलं नाही’.