जुन्या कॅमेऱ्यांची हौस (ग्रामीण विदर्भ)

मोबाईल आणि डिजिटल कॅमेरा हाताशी असूनही रोलवाला जुना कॅमेरा चालू ठेवणं आणि त्यानं फोटो काढत राहणं, ही ती हौस. जगभर आहे, मुंबई-पुण्यात तर आता फॅशनच झालीये. ही नोंद विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या हौशी फोटोग्राफर लोकांबद्दल आहे, म्हणजे झेडपीचे मास्तर, कृषी सहायक, एसटीतून रिटायर झालेले, मेडिकलवाले, संत्र्याचा बगीचा सांभाळून फोटो काढणारे कास्तकार. धंदा म्हणून कोणी करत नाही. बऱ्याच जणांकडे चांगला डिजिटल पण असतो, तो लग्नाबारशाला काढतात आणि जुना स्वतःसाठी.

शोकेसमध्ये काचेमागं ठेवलेला कॅमेरा या नोंदीत धरलेला नाही, कारण तो जपलेला कॅमेरा नसतोच. मेकॅनिकल कॅमेरा न वापरता पडला की आतलं तेल-ग्रीस वाळतं आणि आधी हळू स्पीड जातात, १ सेकंद म्हटलं तर शटर (उजेड आत सोडणारा पडदा) उघडून तसंच अडकून बसतं, मग हळूहळू बाकीचे. म्हणून ज्याचा खरंच जीव आहे त्या वस्तूवर तो महिन्यातून एकदा तरी रोल नसताना सगळ्या स्पीडवर शटर मारून ठेवतो, आणि वर्षाकाठी दोन-तीन रोल का होईना पण काढतो. ही सगळी हौस म्हणजे वस्तू चालती ठेवायची हौस आहे, जुन्या दिवसांची आठवण वगैरे नंतर.

कोणते कॅमेरे सापडतात

सगळ्यात जास्त आग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला, १२० नंबरचा रुंद रोल, एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. फोकस जुळवायची भानगड नाही, ऊन आणि ढग अशा चित्रांच्या खुणा, मागच्या छोट्या लाल खिडकीतून कागदावरचा नंबर दिसेपर्यंत चकती फिरवायची, बस. विदर्भातल्या कितीतरी घरांत आजा-आजीचा जो एकुलता एक फोटो भिंतीवर आहे तो अशाच साध्या डबड्यातून निघालेला आहे. आणि मजा म्हणजे १२० ची फिल्म कोडॅकनं १९०१ साली काढली ती आजही बनते, त्यामुळे क्लिक थ्री आजही चालतो.

त्यानंतर ३५ एमएमवाले. याशिका एमएफ-टू, कोडॅक केबी-१०, हॉटशॉट हे ऐंशी-नव्वदच्या काळातले, घरोघरी होते, अजून ट्रंकेत सापडतात, पण यांच्यावर जीव टाकणारे कमी. हौशी माणूस जातो तो पेंटॅक्स के-१००० कडे (१९७६ ते १९९७ पर्यंत बनला), निकॉन एफएम-टू कडे (१९८२), नाहीतर रशियन झेनिटकडे. या तिघांत एक गोष्ट सारखी आहे, शटर सेलवर चालत नाही. के-१००० मध्ये सेल लागतो तो फक्त लाईट मीटरला (उजेड मोजणाऱ्या काट्याला), आणि त्याला बंद करायचं बटणच नाही, लेन्सला कॅप लावली की अंधारात मीटर झोपतं, कॅप विसरली की सेल गेला. झेनिट-ई मध्ये तर सेलेनियमचं मीटर, उन्हावरच चालतं. ज्या गावात बटणसेल आणायला तालुक्याला जावं लागतं तिथं ही बारकी गोष्ट नाही, खेड्यात हेच कॅमेरे का टिकले त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

कलकत्त्याच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा नॅशनल-३५ पण क्वचित दिसतो. आपल्याच देशात बनलेला, म्हणून त्याचा मान वेगळा. फिल्मसुद्धा इथंच बनायची, उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, त्यांचा इंदू ब्रँडचा ब्लॅक अँड व्हाइट रोल ज्यांनी वापरला ते अजून नाव काढतात. तो कारखाना बंद पडला ही फार वाईट गोष्ट झाली असं या नोंद लिहिणाऱ्याचं स्पष्ट मत आहे, कारण आता प्रत्येक रोल बाहेरून येतो आणि त्याची किंमत ऐकूनच नवीन पोरं माघारी फिरतात.

ऊन, कापूस आणि मीटर

विदर्भात उन्हाची कमी नाही. म्हणून मीटर बिघडलेल्या कॅमेऱ्यावरही इथले लोक बिनधास्त फोटो काढतात. नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, लख्ख उन्हात अपर्चर (लेन्सचं भोक) एफ १६ ठेवायचं आणि स्पीड फिल्मच्या आयएसओच्या (रोल किती लवकर उजेड टिपतो त्याचा आकडा) जवळचा, १०० चा रोल असेल तर १/१२५, ४०० चा असेल तर १/५००. ढग आले की भोक एक-दोन घर (म्हणजे स्टॉप) उघडायचं, झाडाखाली अजून उघडायचं. पुस्तकातून कमी, हातानं जास्त शिकतात हे.

पण एक जागा अशी आहे जिथं चालू मीटर पण फसवतं, ती म्हणजे फुटलेल्या कापसाचं वावर. मीटरला समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम करडी धरायची सवय, समोर पांढराच पांढरा कापूस आला की त्याला वाटतं उजेड लय झाला, आणि तो कमी करायला सांगतो. त्याचं ऐकलं की कापूस मळकट येतो आणि वेचणाऱ्या बायांचे चेहरे काळेठिक्कर. म्हणून मीटर सांगतो त्यापेक्षा एक-दीड स्टॉप जास्त द्यायचा, किंवा मीटर कापसावर न धरता स्वतःच्या तळहातावर धरायचा आणि एक स्टॉप उघडायचा. यवतमाळकडे दिवाळीच्या सुमारास वेचणी चालू असते, सकाळचं तिरपं ऊन असतं, तेव्हा पऱ्हाटीच्या ओळीत बसून हा हिशोब जमवलेला माणूस पुढे कुठल्याही उजेडात अडत नाही.

उलट टोक म्हणजे झाडीपट्टीची नाटकं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे धानाची कापणी आटोपली की रात्र-रात्र नाटकं चालतात, वडसा हे त्याचं मोठं केंद्र. तिथं मंडपातल्या लाईटवर ४०० चा रोल १६०० धरून काढतात आणि मग धुताना जास्त वेळ देतात. दाणे येतात फोटोत, येऊ द्या, नाटकाच्या रात्रीला ते शोभतात. पोळा, तान्हा पोळा, शंकरपट (बैलांची शर्यत) हे तर ठरलेलेच. शंकरपटात मात्र जुना कॅमेरा अवघड, बंडी समोरून निघून जाते, फोकस आधीच एका जागेवर धरून वाट पाहावी लागते, आणि एकच फ्रेम मिळते.

रोल धुणं

तालुक्याच्या गावातले कलर लॅब बंद झाले तेव्हापासून कलर रोल कुरिअरनं मोठ्या शहरात पाठवावा लागतो. म्हणून बहुतेक हौशी लोक ब्लॅक अँड व्हाइटवरच राहिले, कारण तो घरी धुता येतो. फिल्म अंधारात, नाहीतर काळ्या चेंजिंग बॅगमध्ये हात घालून, रीळावर चढवून टाकीत बंद केली की पुढचं सगळं उजेडात होतं. डेव्हलपर (चित्र उमटवणारं), स्टॉप बाथ (ते थांबवणारं), फिक्सर (चित्र पक्कं करणारं, त्याला सगळे हायपोच म्हणतात), मग भरपूर पाणी.

खरा प्रश्न पाण्याचा. डी-७६ सारख्या डेव्हलपरचे जे टाइम छापलेले असतात ते २० अंशाचे, आणि मे महिन्यात इथं टाकीतून येणारं पाणी हाताला भाजतं. गरम डेव्हलपरमध्ये फिल्म भराभर होते, पाच मिनिटांच्या आत काम संपायला लागलं की डाग आणि पट्टे येतात. फिल्मवरचा जिलेटीनचा थर पण मऊ पडतो, नख लागलं तरी ओरखडा. यावर उपाय माठ. रात्री माठात भरलेलं पाणी पहाटे बरंच गार मिळतं, पहाटे चार-पाचला रोल धुवायचा, डेव्हलपर एकास एक पाणी घालून पातळ करायचा म्हणजे टाइम वाढतो आणि हातात राहतो. सगळ्यात महत्त्वाचं, डेव्हलपर गार आणि धुवायचं पाणी गरम असं करायचं नाही, सगळं जवळपास एकाच तापमानाला पाहिजे, नाहीतर थराला जाळी पडते आणि निगेटिव्ह कायमची गेली. बर्फ घालणारे पण आहेत, पण तो डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, घमेल्यातल्या पाण्यात टाकायचा आणि त्यात बाटल्या उभ्या करायच्या.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात अजून एक दुखणं. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी खारट, फिल्म वाळली की तिच्यावर पांढरे ठिपके राहतात आणि प्रिंटमध्ये आभाळात बरोबर दिसतात. म्हणून शेवटची खंगाळणी फिल्टरच्या पाण्यात, हल्ली गावोगावी आरओचं पाणी कॅनमध्ये भेटतं त्यामुळे हे सोपं झालंय. वाळवताना खोली बंद, फरशी ओली केलेली, पंखा बंद, खाली कपड्याचा चिमटा लावलेला, नाहीतर उन्हाळ्यात वावधानीची धूळ ओल्या फिल्मवर बसते ती निघत नाही. वापरलेल्या हायपोत फिल्ममधली चांदी उतरलेली असते, तो विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नये.

पावसाळा

आखाडापासून भादव्यापर्यंत लेन्सचा शत्रू म्हणजे बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेवर पसरतात, वेळीच पुसले तर जातात, उशीर झाला की कोटिंग खाऊन टाकतात आणि मग काही उपाय नाही. पूर्व विदर्भात, धानाच्या पट्ट्यात, हे जास्त. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि जेल ओलं झालं की तव्यावर मंद गरम करून परत. तांदळात ठेवायचा सल्ला खूप जण देतात, देऊ नये, त्याची पूड आत जाते.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. टिनाच्या खोलीत ठेवलेल्या कॅमेऱ्याचं ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर येतं आणि पाती चिकटतात. मागच्या झाकणाच्या कडेला जो काळा फोम असतो तो जुना झाला की डांबरासारखा होतो, बोटाला लागतो, उजेड आत शिरतो आणि फोटोच्या कडेला लालसर-पांढरा पट्टा येतो. हे काम मात्र घरी होतं, जुना फोम स्पिरिटनं खरडून काढायचा, काळी लोकर नाहीतर पातळ काळा फोम कापून चिकटवायचा, संध्याकाळी बसलं की रात्रीपर्यंत कॅमेरा तयार. कापडी शटरवाले सोव्हिएत काळातले फेड, झॉर्की असतील तर लेन्स सूर्याकडे करून उघडी ठेवू नये, कापडाला टाचणीएवढं भोक पडतं.

सेवाग्रामचा धागा

या भागातल्या हौशी लोकांना जवळचं वाटणारं एक नाव म्हणजे कनू गांधी. गांधीजींच्या पुतण्याचा हा मुलगा सेवाग्राम आश्रमात राहून काम करायचा. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यानं रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि रोल घेतला. गांधीजींच्या अटी तीन, फ्लॅश वापरायचा नाही, मला थांबायला किंवा पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम यासाठी पैसे देणार नाही. कुडाच्या झोपडीतल्या अंधुक उजेडात, हळू फिल्मवर, एका जागी न थांबणाऱ्या माणसाचे फोटो काढायचे म्हणजे काय ते हातात जुना कॅमेरा धरल्याशिवाय कळत नाही. गांधीजींच्या शेवटच्या दहाएक वर्षांतले त्याचे फोटो आज त्यांच्या रोजच्या जगण्याचा मोठा आधार आहेत. वर्ध्याकडचे कितीतरी जण बापू कुटीत जाऊन बिनाफ्लॅशचा एक तरी रोल काढतात ते याच्यामुळेच.

पोरं आणि निगेटिव्ह

डिजिटल कॅमेऱ्याची सुरुवात १९७५ साली कोडॅकमध्येच झाली, स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं पहिला नमुना बनवला, आणि तीच कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. खेड्यात हा बदल थोडा उशिरा पोचला, पण पोचला तो थेट मोबाईल घेऊन. आता गावात कोणी जुना कॅमेरा काढला की पोट्टे गोळा होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काका, दाखवा न, कसा आला?" मागं काही दिसत नाही म्हटलं की तोंड पाहण्यासारखं होतं. मग त्यांच्याच हातात कॅमेरा देऊन त्यांना आईचा किंवा बैलाचा फोटो काढायला लावायचा, फ्रेम एकच मिळेल म्हणून सांगायचं, आणि पंधरा दिवसांनी प्रिंट आणून द्यायची. ती प्रिंट घरात राहते. याच घरात मोबाईलमधले तीन वर्षांपूर्वीचे लग्नाचे फोटो मागून बघा, मोबाईल फुटला, मेमरी कार्ड गेलं, हेच ऐकू येतं.

निगेटिव्ह जपणं हे या हौसेतलं सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात मोलाचं काम. गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्याचं दुकान बंद होताना निगेटिव्ह रद्दीत नाहीतर जाळात जातात, तिथं वेळेवर जाऊन ते डबे घरी आणणारी माणसं आहेत. पट्ट्या सहा-सहा फ्रेमच्या कापायच्या, कागदी पाकिटात ठेवायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, वर गावाचं नाव आणि साल लिहायचं. मोबाईलवर पांढरा स्क्रीन लावून, दुसऱ्या मोबाईलनं निगेटिव्हचा फोटो घेऊन त्याचे रंग उलटे केले (काळ्याचं पांढरं) तरी वाचण्यापुरता फोटो निघतो. त्यातून कोणाच्या तरी वडलांचा तरुणपणीचा चेहरा निघतो आणि तो माणूस दहा किलोमीटरवरून गाडी काढून येतो.

घ्यायचा असेल तर

नागपूर-अमरावतीच्या जुन्या फोटो दुकानांत, नातेवाइकांच्या ट्रंकेत, भंगारवाल्याकडे, ऑनलाइन, सगळीकडे भेटतात. लेन्स काढून उजेडाकडे धरून बघा, बुरशी आहे का. मागचं झाकण उघडून १/१००० वर शटर मारा, उजेडाची रेघ पूर्ण दिसली पाहिजे. १ सेकंदावर मारा, एक सेकंदच लागला पाहिजे. सेलच्या खणात हिरवं साचलं असेल तर किंमत पाडा. इलेक्ट्रॉनिक शटरवाला स्वस्तात मिळाला तरी खेड्यात घेऊ नका, आतलं सर्किट गेलं की ते दुरुस्त करणारा जवळपास कोणी नाही. २०२४ मध्ये पेंटॅक्सनं पेंटॅक्स-१७ नावाचा नवा रोलवाला कॅमेरा काढला, एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो बसतात म्हणजे ३६ चा रोल ७२ चा होतो, रोलच्या आजच्या भावात हे फार कामाचं आहे. पण तो सेलशिवाय चालत नाही, त्यामुळे इथले जुने लोक अजून के-१००० च सांगतात.