दर्यापूर तालुक्यातून बर्फावर: एकट्याने, कमी खर्चात स्नोबोर्डिंगला परदेशी जायचं तर कोणते कागद लागतात

अमरावतीच्या पासपोर्ट केंद्रात बोटांचे ठसे घ्यायची वेळ आली आणि यंत्राने माझा उजवा अंगठा घेतलाच नाही. नोव्हेंबर होता. पंधरा दिवस आईसोबत कापूस वेचत होते, बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं चिरून गेली होती. खिडकीतल्या ताईंनी ओलं कापड दिलं, बोटं पुसून पुन्हा दाबून धरायला सांगितलं. चौथ्या वेळेला ठसा उमटला. तेव्हापासून वेचणीच्या दिवसांत कोणी पासपोर्टसाठी आलं की मी आधी त्याचे हात पाहते आणि आठवडाभर रात्री खोबरेल तेल चोळायला सांगते.

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. कझाकस्तानात शिंबुलाक नावाच्या डोंगरावर एकटी जाऊन स्नोबोर्ड शिकून आले. बर्फावर एकाच रुंद फळीला दोन्ही पाय बांधून आडवं उभं राहत घसरत जायचं, तो हा खेळ. परत आल्यापासून गावातली, आजूबाजूची पोट्टेपोट्टी विचारतात, "ताई, आम्हाले जाता येईन का? किती कागद लागतात?" जाता येतं. डोंगरापेक्षा कागदच जास्त दमवतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

पासपोर्टसाठी उत्पन्नाची अट नाही, जमिनीची नाही, शिक्षणाचीही नाही. भारतीय नागरिक असलं की झालं. वय अठरा पूर्ण असेल तर आई-वडिलांची संमती लागत नाही, मुलींनाही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मुलीच्या अर्जासोबत बापाची सही हवीच असं सांगून परत पाठवणारे भेटतात. दहावी पास असाल तर गुणपत्रक किंवा सनद जरूर जोडा, म्हणजे नोकरीसाठी आखातात वगैरे जाताना लागणाऱ्या एमिग्रेशन तपासणीतून पासपोर्टला सूट मिळते. कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर तो लपवू नका, कोर्टाची परवानगी घेऊन अर्ज करा. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि सरकारी कर्मचारी यांनी अर्जाआधी कार्यालयाला लेखी पूर्वसूचना द्यायची आणि तिची प्रत जवळ ठेवायची. सहलीला जायची परवानगी त्यांना वेगळी काढावी लागते.

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरच भरायचा. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना, ते डोळ्यांनी तपासा. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं पैसे घेऊन बसलेली असतात. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २०००. बर्फाची सहल कोणाला उद्या सकाळी करायची नसते, म्हणून तत्काळचे दोन हजार वाचवा. आमच्या गावातल्या एका मुलाकडून एका एजंटाने साध्या अर्जाचे सहा हजार घेतले होते, आणि त्यातलं नावाचं स्पेलिंगही चुकवलं होतं. फी ऑनलाइन भरून तारीख घ्यायची. विदर्भातले सगळे जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात, पण कागद दाखवायला नागपूर गाठायची गरज बऱ्याच जणांना पडत नाही. २०१७ पासून पोस्टात पासपोर्ट केंद्रं सुरू झाली, आमच्याकडचे लोक अमरावतीच्या केंद्रात जातात.

आता नाव. माझ्या टेबलावर दहातले सात अर्ज इथेच अडकतात. आधारवर 'गजानन', टीसीवर 'गजाननराव', दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, बँकेच्या पासबुकावर वडिलांच्या नावातला एक स्वर गायब. गावात सगळे ओळखतात म्हणून आपल्याला ते दिसतच नाही. पासपोर्ट अधिकाऱ्यासमोर मात्र ती चार वेगळी माणसं असतात. म्हणून अर्ज उघडण्याआधी चारही कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर बोट ठेवून वाचा. बहुतेक वेळा दहावीचा कागद पक्का धरून आधार आणि बँकेतलं नाव त्याप्रमाणे दुरुस्त करणं सोपं पडतं. बोर्डाच्या गुणपत्रकातली दुरुस्ती शाळेमार्फत जाते आणि वेळ खाते. नावच पूर्ण बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून ती प्रत जोडावी लागते. लग्न झालेल्या मुलींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: सासरचं नाव लावलंच पाहिजे असा पासपोर्टचा नियम नाही. माहेरच्या नावाचे सगळे कागद जुळत असतील तर त्याच नावाने खुशाल अर्ज करा.

जन्मतारखेचंही असंच. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखलाच लागतो, आपल्या वयाच्यांना टीसी किंवा दहावीची सनद चालते. आमच्या भागात बऱ्याच जणांची जन्मतारीख मास्तरांनी एक जून लिहिलेली असते. ती खरी असो नसो, सगळ्या कागदांवर एकच असली पाहिजे.

केंद्रात मूळ कागद न्या, नुसत्या झेरॉक्सवर काम होत नाही. त्यानंतर पोलीस तपासणी. ठाण्यातून बीट जमादार येतो, बहुधा पोलीस पाटलांना विचारतो, शेजारच्या दोघांची नावं घेतो. इथे पुण्यात कंपनीत राहणारी आपली पोरं फसतात. पत्ता गावाचा देतात, जमादार येतो तेव्हा घरी आजी एकटी, आणि अहवालात 'राहत नाही' असा शेरा पडतो. राहता तिथलाच पत्ता द्या, गावाचा पत्ता कायमचा म्हणून टाका. सगळं नीट गेलं की पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येतो, दहा वर्षं चालतो. आता त्यात चिप असते. असे ई-पासपोर्ट ज्या शहरांतून आधी सुरू झाले, त्यांत नागपूर होतं.

पासपोर्ट हाती आला की देश निवडा, आणि निवडताना डोंगराइतकाच व्हिसा पाहा. कमी पैशात पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कझाकस्तानच सांगते. २०२२च्या जुलैपासून भारतीयांना तिथे १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, १८० दिवसांत सगळे मिळून ४२ दिवसांपर्यंत. व्हिसाची फी नाही, मुंबईची वारी नाही. दिल्लीहून अल्माटीला थेट विमान चारेक तासांत पोहोचतं. अल्माटी शहरातून १२ नंबरची बस मेदेउला जाते, तिथे समुद्रसपाटीपासून १,६९१ मीटरवर बर्फाचं मोठं स्केटिंग मैदान आहे, आणि तिथून दोरवाटेच्या डब्यात बसून शिंबुलाक. पायथाच २,२६० मीटरवर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दुप्पट उंच, आणि वरचं टोक ३,२०० मीटरच्या घरात. २०११च्या आशियाई हिवाळी स्पर्धांमधल्या डोंगरउतारावरच्या शर्यती तिथेच झाल्या होत्या. खर्च वाचतो तो मुक्कामात: डोंगरावरच्या हॉटेलात न राहता शहरात हॉस्टेलचा पलंग घ्यायचा आणि रोज बसने वर जायचं. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि उतारावर वर नेणाऱ्या दोरवाटांचा पासही महाग पडतो. ते दोन दिवस शहर बघायला ठेवा.

१४ दिवस म्हणजे १४च. उतरलात तो दिवस धरून मोजा आणि परतीचं तिकीट बाराव्या दिवसाचं काढा, कारण हिवाळ्यात धुक्याने दिल्लीची विमानं अडकतात. सीमेवर परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग आणि विमा मागू शकतात. मोबाइलच्या बॅटरीच्या भरवशावर न राहता छापील प्रती बाळगा. दिल्लीत आपल्याच इमिग्रेशन खिडकीवर मला विचारलं, एकट्या कशाला चालल्या? मी शिकवणी वर्गाची पावती पुढे केली, त्यांनी शिक्का मारला.

ज्यांना युरोपच बघायचा आहे त्यांच्यासाठी बल्गेरियातलं बान्स्को त्या मानाने स्वस्त समजलं जातं. १ जानेवारी २०२५पासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि १ जानेवारी २०२६पासून तिथे युरो चालतो. त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. फी ९० युरो, नाकारला तरी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण पंधरा दिवस धरतात, कधी पंचेचाळीसही लागतात. पासपोर्टवर दोन कोरी पानं हवीत आणि परत आल्यानंतरही तो तीन महिने वैध असला पाहिजे. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

अडचण येते ती उत्पन्नाच्या पुराव्याची. व्हिसावाल्यांना पगारपत्रक आणि आयकर रिटर्न कळतं. शेतकऱ्याकडे पगारपत्रक नसतं, शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून रिटर्न भरलेलं नसतं, आणि बँकेत वर्षातून दोनदाच मोठी रक्कम येते: दिवाळीनंतर कापसाची, फाल्गुनात तुरीची. बाहेरच्या माणसाला ते खातं संशयास्पद दिसतं, कोणी उसने पैसे आणून ठेवले आणि अर्ज केला असं वाटतं. म्हणून पैसा कुठून आला ते सांगणारा कागद प्रत्येक मोठ्या रकमेमागे लावा. सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस दिला असेल तर पैसे थेट खात्यात येतात आणि पावती असते. व्यापाऱ्याला दिला असेल तर काटापट्टी आणि हिशेबपट्टी सांभाळा. रोख घेऊन घरात ठेवलेला कापूस व्हिसाच्या कामाचा नाही.

त्यासोबत डिजिटल सहीचा सातबारा (१५ रुपयांत ऑनलाइन निघतो), आठ-अ (नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसाचा फेरफार करा. त्याला वेळ लागतो, पण तो तसाही करायचाच असतो. रिटर्न भरायला मी सगळ्यांना सांगते. कर शून्य आला तरी शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून त्यात दाखवता येतं, फक्त ते ५,००० रुपयांवर असेल तर फॉर्म एक चालत नाही, दोन भरावा लागतो. खर्च बाबा करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, त्यांच्याच खात्याचे सहा महिन्यांचे उतारे आणि नातं दाखवणारा कागद. शेवटी एक पानी पत्र, आपल्या शब्दांत: मी कोण, किती दिवस जाते, पैसे कुठले, आणि परत का येणार. ते नेटवरून उतरवू नका. 'मार्चमध्ये आमच्या शेतात हरभऱ्याची मळणी असते' हे वाक्य तुमचंच असतं आणि ते खरं असतं.

विम्याबद्दल कळकळीने सांगते. साध्या प्रवास विम्यात बर्फावरचे खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात. त्या कलमात 'विंटर स्पोर्ट्स' हे शब्द सापडले पाहिजेत, नाहीतर जादा हप्ता भरून ते घाला, आणि भारत सोडण्याआधी घाला. आखलेल्या उताराबाहेर गेलात, दारू पिऊन गेलात, तर दावा मिळत नाही. नवशिक्या स्नोबोर्डवाल्यांची मनगटं मोडतात, कारण पडताना माणूस हात टेकतो. माझ्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्याच दिवशी प्लास्टर घालून खाली उतरली. मनगटाचे पट्टे आणि हेल्मेट भाड्याने मिळतात, बोर्ड आणि बूटही. जाडे मोजे, आतले कपडे, हातमोजे तेवढे घरून न्या. खेळ आवडतो की नाही तेच माहीत नसेल तर आधी गुलमर्गची केंद्र सरकारची स्कीइंग संस्था किंवा उत्तराखंडातलं औली गाठा, पासपोर्टशिवाय अंदाज येतो.

पैसे नेताना सगळी रोकड नको. एका वारीला परकीय नोटा ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण आपल्याला त्याच्या आसपासही लागत नाहीत. थोडी रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर. कार्डासाठी पॅन, पासपोर्ट आणि तिकीट लागतं. जिल्हा बँकेचं कार्ड तिकडे चालेलच असं धरू नका. आणि सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करा, नाहीतर बँकेचा ओटीपी गावाकडेच राहतो. तयार टूर पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो रिटर्न भरून परत मिळवता येतो, पण तोवर हातचे पैसे अडकतात. तिकीट, मुक्काम, शिकवणी असं सुटं-सुटं घेणं स्वस्त पडतं.

बर्फाचा हंगाम आणि कापसाचा हंगाम एकच, हे आमचं दुखणं. म्हणून कामं मागे ओढा: नावाच्या दुरुस्त्या उन्हाळ्यात, पासपोर्टचा अर्ज जुलैत पेरणी उरकल्यावर, तिकीट गणपतीच्या सुमारास. फेब्रुवारीत वेचणी संपत आलेली असते आणि शिंबुलाकला बर्फ एप्रिलपर्यंत टिकतो, तेव्हा जा.

डोंगरावर बोर्ड भाड्याने घेताना काउंटरवाला अनामत म्हणून पासपोर्ट मागेल. देऊ नका. मी ड्रायव्हिंग लायसन्स आणि थोडी रोख पुढे केली, तो पासपोर्टाकडे बोट दाखवत राहिला, मी मान हलवत राहिले. शेवटी त्याने लायसन्स खणात टाकलं आणि बुटांचा जोड काढून दिला.