दिवसाला ४ मिलिमीटर

ओपल हे रंगीबेरंगी झळकणारे रत्न खलात अगदी बारीक कुटले, तर पांढरट पूड उरते. लाल, हिरवा, निळा, सगळे रंग गायब. रंगद्रव्य मुळात नव्हतेच, रंग होता तो मांडणीचा. (संस्कृतात ‘उपल’ म्हणजे दगड. ओपल हे नाव त्यावरूनच पडले असे अनेक अभ्यासक मानतात.)

ही मांडणी १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. सिलिकाचे (वाळूतला मुख्य घटक) नॅनोमीटरांत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत, मोजावे लागणारे एकसारखे गोल, थरावर थर. खालच्या तीन गोट्यांमधल्या खळगीत वरची गोटी बसावी तसे. अशा रचनेत ७४ टक्के जागा गोलांची, बाकीची पोकळी. वेगवेगळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या लाटा ज्या तरंगलांबीला एकमेकींशी जुळतात, तो रंग झळकतो. पोकळीत हवा असलेल्या कृत्रिम ओपलकडे अगदी समोरून पाहिले, तर हिशेब सोपा आहे: गोलाचा व्यास गुणिले साधारण २.२. म्हणजे २१० नॅनोमीटरचे गोल निळा रंग देतात, २९० चे लाल. तिरके पाहाल तसा रंग निळ्याकडे सरकतो.

गोल बनवण्याची कृती १९६८ साली श्टोबर, फिंक आणि बोन यांनी दिली आणि ती आजही वापरात आहे. अल्कोहोलात पाणी आणि अमोनिया मिसळायचे, त्यात टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट हे सिलिका देणारे रसायन ओतायचे आणि ढवळत राहायचे. थोड्या वेळाने नितळ द्रव दुधाळ होऊ लागतो. अमोनिया, पाणी आणि तापमान यांवर गोलांचा आकार ठरतो. खरी कसोटी एकसारखेपणाची. व्यासांत पाचेक टक्क्यांहून अधिक फरक पडला की रचना विस्कटते.

मग थांबायचे. ३०० नॅनोमीटरचा गोल पाण्यात दिवसाला जेमतेम ४ मिलिमीटर खाली जातो. मांडणी कोणी करत नाही, गोल स्वतःच आपली खळगी शोधतात, पण त्यासाठी त्यांना घाई चालत नाही. ज्यांना आठवडे काढायचे नसतात ते काच द्रवात उभी ठेवतात. द्रव उडून जाताना त्याच्या काठाशी गोल ओढले जातात आणि काचेवर पातळ ओपल चढतो. तो वाळताना आकसतो आणि त्याला तडे जातात. या तड्यांपासून अजून पूर्ण सुटका झालेली नाही.

कृत्रिम रत्ने बनवणारे पिएर जिल्सन यांचा कृत्रिम ओपल १९७४ च्या सुमारास बाजारात आला, तो दागिन्यांसाठी. रत्नात रंगांचे तुकडे शेजारी शेजारी चमकतात, कारण प्रत्येक तुकड्यातले थर वेगळ्या दिशेने कललेले असतात. रत्नपारखी त्यावर खूश होतो, भौतिकशास्त्रज्ञ मात्र कपाळाला हात लावतो. त्याला काचेभर एकच रंग हवा असतो.

कारण १९८७ साली याब्लोनोविच आणि जॉन या भौतिकशास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असा स्फटिक कल्पिला होता की ज्यात ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला कोणत्याच दिशेने वाट मिळणार नाही. सिलिका आणि हवा यांच्या अपवर्तनांकांतला (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्या मापातला) फरक त्याला अपुरा पडतो. म्हणून ओपलचा नुसता साचा करतात. पोकळ्यांत सिलिकॉन भरायचे आणि गोल आम्लाने विरघळवायचे. २००० साली या वाटेने १.५ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाशाला अशी पूर्ण बंद असलेली तरंगलांबींची पट्टी मिळाली. ती अवरक्तात येते, डोळ्यांना दिसत नाही. आणि जिच्यामुळे ती मिळाली, ती सिलिका तोवर धुऊन गेलेली असते.