मेंदूतील दाह, हृदय आणि फुफ्फुसे: एका उशिरा जुळलेल्या संबंधाची पार्श्वभूमी

मेंदूला इजा झाली की हृदय आणि फुफ्फुसेही बिघडतात, हे वैद्यकाला ठाऊक होऊन शतक उलटले आहे. अपस्माराच्या झटक्यानंतर फुफ्फुसांत अचानक पाणी भरल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आहेत. पुढे व्हिएतनाम युद्धात केवळ डोक्याला मार लागून मरण पावलेल्या सैनिकांच्या फुफ्फुसांतही, छातीला कोणतीही जखम नसताना, तसेच पाणी आढळले. हृदयाबाबत 1954 मध्ये बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या ईसीजीत हृदयविकाराचा भास व्हावा असे बदल दाखवून दिले. या साऱ्याचे स्पष्टीकरण त्या काळी एकच होते: दुखावलेला मेंदू सिम्पथेटिक (शरीराला ताणाच्या प्रसंगासाठी सज्ज करणाऱ्या) चेतातंतूंमार्फत शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा सोडतो.

हे स्पष्टीकरण चूक नव्हते, पण त्यात दाहाला, म्हणजे इजेला किंवा संसर्गाला रोगप्रतिकारक यंत्रणा देते त्या प्रतिसादाला, जागा नव्हती. मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींचे वर्णन स्पॅनिश संशोधक पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्येच केले होते. मात्र 1948 मध्ये पीटर मेदावर यांच्या प्रयोगांत मेंदूत रोपलेली परकी त्वचा शरीराच्या इतर भागांतल्याप्रमाणे नाकारली गेली नाही, आणि मेंदू रोगप्रतिकारक यंत्रणेपासून अलिप्त आहे ही समजूत रुजली. माझ्या मते मेंदूतील दाह आणि हृदय-फुफ्फुसांचे बिघाड हे दोन धागे जुळायला झालेल्या विलंबाचे मोठे कारण हीच समजूत होती.

वळण आले ते हृदयाच्या बाजूने. तीव्र हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता खालावलेल्या) रुग्णांच्या रक्तात टीएनएफ हा दाहकारक घटक वाढलेला असतो, हे 1990 मध्ये दिसले. त्यानंतर 2000 मध्ये अमेरिकी संशोधक केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने मेंदूपासून छाती-पोटातील अवयवांपर्यंत जाणारा व्हेगस चेतातंतू उत्तेजित करून उंदरांमधील दाह आटोक्यात आणता येतो हे दाखवले, आणि मेंदू व दाह यांच्यातील थेट दळणवळण सिद्ध झाले. याच काळात टीएनएफ रोखणारी औषधे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना देऊन पाहिली गेली, पण ते प्रयोग फसले. रक्तातील एक घटक रोखणे पुरेसे नसावे, हा त्यातून निघणारा धडा मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच सुमारास उंदरांवरील संशोधनातून मेंदूतील एका विशिष्ट जागेकडे, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील पॅराव्हेन्ट्रिक्युलर केंद्राकडे, लक्ष वळले. रक्तदाब आणि हृदयगती यांवर अंमल असलेल्या या केंद्रात मायक्रोग्लिया चेतवल्या गेल्या, की त्या सायटोकाइन (टीएनएफसारखी दाहकारक संदेशवाहक प्रथिने) सोडतात, तेथील चेतापेशी अधिक उत्तेजित होतात आणि सिम्पथेटिक यंत्रणा सतत ताणलेली राहते. (येथे अभिप्रेत असलेला दाह मेंदूज्वरासारखा तीव्र नसून मंद आणि दीर्घकाळ धुमसणारा आहे.) फ्लोरिडा विद्यापीठातील मोहन रायझादा यांच्या गटाने 2010 मध्ये मायक्रोग्लियांना शांत करणारे मिनोसायक्लिन हे औषध थेट मेंदूत दिले, तेव्हा अँजिओटेन्सिन या रक्तदाब वाढवणाऱ्या संप्रेरकामुळे उंदरांत होणारी रक्तदाबाची वाढ आणि हृदयाच्या स्नायूंचे जाड होणे दोन्ही कमी झाले. पुढे फुफ्फुसीय उच्च रक्तदाबाच्या उंदरांतही याच केंद्रातील दाह आढळला. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतच सुरू होतो असे मानलेल्या या आजारात, ज्याचा भार अखेर उजव्या हृदयावर पडतो, मेंदूचाही वाटा असू शकतो हे तेव्हा ध्यानात आले.

माणसांतील पुरावा मात्र अजून तोकडा आणि अप्रत्यक्ष आहे. 2017 मध्ये 293 जणांच्या पेट स्कॅनवर (पेशींची सक्रियता दाखवणाऱ्या तपासणीवर) आधारलेल्या अभ्यासात मेंदूतील भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाची अधिक सक्रियता, अस्थिमज्जेची वाढलेली सक्रियता, धमन्यांतील दाह आणि पुढे होणारे हृदयविकार यांचा परस्परसंबंध आढळला. त्यात मोजला गेला तो मेंदूचा चयापचय, मेंदूतील दाह नव्हे. शिवाय आजारी हृदय आणि फुफ्फुसे स्वतःही मेंदूकडे दाहाचे संदेश पाठवतात, त्यामुळे रुग्णात सुरुवात नेमकी कोठून झाली हे ठरवणे कठीण जाते.