आभा कार्ड की आयुष्मान कार्ड? काउंटरवर होणारा घोळ

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी घरकुलातून (विडी कामगारांच्या वसाहतीतून) पेशंटला सिव्हिलला आणलं जातं तेव्हा बऱ्याचदा नातेवाइकांच्या हातात लॅमिनेट केलेलं आभा कार्ड असतं आणि डोक्यात पाच लाखांचा मोफत इलाज. आभावर एक रुपयाही मिळत नाही. तो १४ आकडी आरोग्य खाते क्रमांक आहे. गरीब-श्रीमंत कुणीही आधारच्या ओटीपीवर तो काढू शकतो आणि काढलाच पाहिजे अशी सक्तीही नाही.

पैशाचं काम आयुष्मान कार्डाचं. २०१८च्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. महाराष्ट्रात ती राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेला जोडून चालते. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता वय वंदना कार्ड मिळतं. मात्र साध्या ओपीडीची फी, बाहेरून आणलेली औषधं यात बसत नाहीत.

कार्ड अडतं ते ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवताना. विड्या वळून किंवा मागावर राबून बोटांचे ठसे झिजले असतील तर मशीन ते घेत नाही. तेव्हा ओटीपी किंवा चेहऱ्याची पडताळणी मागावी. दुसरी अडचण नावाची. आधारवर नरसय्या आणि रेशनकार्डावर नरसप्पा असेल तर अर्ज लटकू शकतो. ही दुरुस्ती आजारपणाआधी झालेली बरी.

मग आभा कशाला? क्यूआर नोंदणीची सोय असेल तिथे आभा ॲपने कोड स्कॅन केला की नाव-पत्ता काउंटरला जातो, टोकन मिळतं. रिपोर्ट त्या-त्या हॉस्पिटलकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला ते तुमच्या संमतीनेच दिसतात आणि ती संमती मुदतीची असते. पण नोंदणीवेळी किंवा नंतरही आभा नंबर जोडलाच नाही, तर ते रिपोर्ट ॲपमध्ये दिसणार नाहीत. जुने कागदी केसपेपरही आपोआप त्यात येत नाहीत. मोहिमा काढून कार्डं वाटता आली, वापर मात्र तितका रुळला नाही, याचं कारण आमच्या मते साधं आहे: चिठ्ठीवर औषध लिहिणाऱ्या छोट्या दवाखान्याला संगणकावर नोंदी करण्याचं काम वाढतं, फायदा दिसतो पुढच्या डॉक्टरला. त्यात आभा दाखवून ‘पैसे भरा’ ऐकलेला माणूस दोन्ही कार्डांना नावं ठेवतो, ते वेगळंच.

ॲडमिट करायचं ठरलं की आधार, रेशनकार्ड घेऊन थेट आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी जा. हॉस्पिटल योजनेत अंगीकृत (सामील) आहे का, एवढंच नव्हे तर याच आजारासाठी आहे का, तेही विचारा. आधी रोख भरू, परतावा नंतर घेऊ, या भरवशावर राहू नका.